लंगडीचे वीस सेकंद

मार्योरिसच्या पर्समधून लंगडी वाजायला लागली, तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या फोनचं कार्ड दातात धरून उभी होते. ते गिळलं नाही एवढंच.

मार्योरिस म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी बायकांचे केस कापते ती. फोनचं कव्हर घ्यायला माझ्या टपरीवर आली होती. फोन काढला, 'हो आई, आले आई' म्हणून ठेवून दिला. तिच्या लेखी विषय संपला. माझ्या लेखी आत्ता कुठं सुरू झाला.

कारण लंगडी आमची. माझ्या नवऱ्याचा, निकानोरचा, पिको आहे. माणसापेक्षा उंच स्पीकरच्या पेट्या, त्यांच्यावर भडक रंगात साळिंदर काढलेलं, तेच त्याचं नाव. रविवारी गल्ली अडवून लावायचा आणि वस्तीनं नाचायचं. आमच्या बारांकिया शहरात असे पिको ढिगानं आहेत, आणि पिको पेट्यांनी मोठा होत नाही, दुसऱ्या कुणाकडं नसलेल्या गाण्यानं होतो. लंगडीसाठी निकानोरनं बंदरावर एका जहाजाच्या आचाऱ्याला स्वतःची मोटरसायकल देऊन टाकली होती. आफ्रिकेतली तबकडी. घरी आणली त्याच दिवशी तिच्या मधला छापील कागद त्यानं ब्लेडनं खरवडला, म्हणजे कुणी पाहिली तरी कुणाची ते कळू नये. ताल एका पायानं चालतो म्हणून वस्तीनं तिला लंगडी म्हटलं. तबकडी लोखंडी पेटीत आणि पेटीची किल्ली निकानोरच्या गळ्यात, क्रूसाशेजारी.

आणि ती वाजते तेव्हा दर थोड्या वेळानं वर ललकारी पडते. तुलियो म्हणून एक दारुडा आहे, त्याच्या खरखरीत आवाजात भरलेली: 'साळिंदर! जवळ येशील तर टोचेल!' ललकारीचं बटण दाबायचं काम माझ्या भावाचं, एल्किनचं. म्हणजे गर्दीतल्या कुणी फोनवर गाणं भरून नेलंच, तर आमचं नाव चिकटूनच न्यावं लागेल.

मार्योरिसच्या फोनमध्ये ललकारी नव्हती. कोरी करकरीत लंगडी.

"हे कुठून आणलंस गं?" मी विचारलं.

"काय?"

"वाजलं ते."

"हे होय! मस्त आहे ना? माझ्या चुलतबहिणीनं पाठवलं, ब्लूटूथनं."

"कुठली चुलतबहीण?"

"तुम्ही पोलिसात लागलात की काय, एदेल्साबाई? यादिस. ती नाही का, रोसेंदोच्या दुकानाबाहेर चिंचेचं सरबत विकते."

माझ्या मनात पाल चुकचुकली. रोसेंदो म्हणजे 'लाल बोकड'चा मालक. लाल बोकड म्हणजे आमच्याशी टक्कर घेणारा पिको, दोन वस्त्या सोडून. लंगडीसाठी तो गेली दोन वर्षं जीव टाकत होता.

"मला पण पाठव ना," मी म्हटलं. "आवडलं मला." तिनं पाठवलं. बिचारीनं कव्हरचा भावसुद्धा केला नाही.

माझा धंदाच हा. गाणी कापायची. लोक कार्ड घेऊन येतात, मी गाण्याचं डोकं-शेपूट छाटते आणि मधले वीस सेकंद फोनची घंटी म्हणून हातात ठेवते. कुणाला बायकोसाठी एक हवं, कुणाला दुसरीसाठी एक. ज्यांच्याकडं गाणं नसतं ते कानाला हेडफोन लावून माझ्या यादीतली तयार घंटी निवडतात. दुसऱ्याच्या फोनमध्ये काय वाजतं यावरून माणूस कसा आहे ते मी सांगते, असा माझा तोरा. माझ्या घरचं गाणं परक्या पर्समध्ये कसं गेलं, हे मात्र मला सांगता येईना.

तेव्हा गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या जिभेला हाड कुठं आहे? संध्याकाळी निकानोर सूप पीत होता, मी त्याच्या कानाशी फोन धरला. चमचा तसाच राहिला.

"किती जणांना माहीत होतं?" तो म्हणाला.

"काय?"

"जूनमध्ये तबकडीवर चरा पडला. ती तुझ्या टपरीत नेऊन कॉम्प्युटरवर उतरवली. शटर ओढून. आत किती जण होते?"

"आपण तिघं. तू, मी, एल्किन."

"बरोबर. फाइल माझ्या कार्डावर घेतली. तुझ्या मशीनमधली माझ्यादेखत पुसली. कार्ड पेटीत. पेटीची किल्ली इथं." त्यानं छातीवर थाप मारली. "ही किल्ली गळ्यातून निघते कधी? रविवारी. देतो कुणाला?"

तबकडी काढायला किल्ली एल्किनच न्यायचा.

"आणि मागच्या आठवड्यात रोसेंदोबरोबर बिअर पीत कोण बसलं होतं? मला तीन माणसांनी सांगितलं. मी म्हटलं, असेल बुवा, बायकोचा भाऊ आहे. कुठंतरी पाणी मुरतंय हे तेव्हाच कळलं होतं मला!"

आता निकानोरचं असं आहे, की त्याला पाववाल्याचाही संशय येतो. पाद्रीबाबाचाही येतो. म्हणून मी सोडून द्यायला हवं होतं. पण मलाच रात्रभर तेच. रोसेंदोबरोबर बिअर? मला नाही सांगितलं? आई गेली तेव्हा एल्किन नऊ वर्षांचा होता. मी वाढवला त्याला. पहिली दाढीसुद्धा मला विचारून केली त्यानं, आणि बिअरचं सांगत नाही?

शुक्रवारी निकानोर टपरीवर आला आणि त्यानं एक कार्ड माझ्यासमोर ठेवलं.

"तुलियोकडून भरून आणलंय. मिनिटभर बरळलाय. आठ सेकंदांत बसव. रविवारी लंगडीवर टाकायचं."

मी ऐकलं. तुलियो गरजत होता: 'लंगडी कुणी विकली? खाल्ल्या घरचे वासे मोजणारा कोण? एल्किन पोलो! एल्किन पोलो!' मागं कुत्रंही भुंकत होतं.

पिकोवरून नाव घेतलं की ते पुसता येत नाही. एकाचं असंच घेतलं होतं, वर्गणीत हात मारला म्हणून. आधी त्याचं कारखान्यातलं काम गेलं, मग तो वस्तीतून गेला. त्याची आई राहिली, तिला अजून लोक 'चोराची आई' म्हणतात. अन् त्यानं हात मारला होता की नव्हता, हे आजवर कुणाला माहीत नाही.

"माझ्या भावाचं नाव माझ्याच हातानं कापून घेतोस? लाज नाही वाटत?"

"तुझ्याइतकं साफ कुणी कापत नाही."

"आणि त्यानं केलं नसेल तर?"

"तर कुणी केलं ते सांग. परवापर्यंत वेळ आहे." आणि गेला मेला, शिट्टी वाजवत.

शनिवारी दुपारी मी एल्किनकडं गेले. त्यानं दार उघडलं आणि माझ्या हातातली पिशवी पाहून हसला. "बोकाचिको? ताई, काय पाहिजे ते बोल. तू फुकट मासे आणत नाहीस."

"तळ आधी. भूक लागलीय."

तो माशांना चिरा पाडायला लागला. गाणं गुणगुणत होता. कढईत तेल तापलं, पहिला मासा पडला आणि घर चरचरायला लागलं. त्याचा फोन टेबलावर होता. मी मागं बघितलं, त्याची पाठ माझ्याकडं होती.

उचलला. होय, उचलला. घंट्या पाहिल्या, लंगडी नव्हती. फाइली पाहिल्या. निरोप पाहिले. एका पोरीला लिहिलेले चार निरोप वाचले, ते मी वाचायला नको होते. रोसेंदोचा नंबर सापडला, त्याचे दोन फोन येऊन गेलेले. कढईचा आवाज कमी झाला तसा मी फोन ठेवून दिला.

एल्किननं ताट आणलं. मासा, नारळाच्या दुधातला भात, लिंबू. ताट ठेवताना त्याचं लक्ष फोनकडं गेलं. पालथा पडला होता. त्यानं तो सरळ केला आणि खिशात टाकला.

"रोसेंदोबरोबर बसला होतास?" मी विचारलं.

"हो. त्याला मी हवाय. त्याच्या पिकोवर. दाजींच्या दीडपट देतो म्हणाला."

"मग?"

"मग काय, नाही म्हटलं. बिअर त्याची प्यायली, आणि नाही म्हटलं." तो काटे बाजूला करत होता. "सगळी गल्ली बोलतेय, ताई. दाजी तुलियोकडं गेले होते तेही कळलं मला. तुलियोच्या पोटात काय राहतंय? तू फक्त एक सांग. तुला काय वाटतं?"

इथं बहिणीनं काय म्हणायचं असतं? 'तू असं करणार नाहीस' म्हणायचं असतं. मी म्हणाले, "खरं सांग एल्किन, दिलीस का?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. खूप वेळ नाही. मग म्हणाला, "खा. गार होतंय."

रविवारी सकाळी मी टपरी उघडली. ललकारी कापायची होती, हात चालेना. मग म्हटलं, निदान शेवटचं एकदा बघू. मार्योरिसनं दिलेली घंटी कॉम्प्युटरवर उघडली. कापणाऱ्याचा हात ओळखू येतो. बाजारात आम्ही चौघं-पाचजण. एकजण सरळ तालावर सुरी चालवतो, एकाचा शेवट कुत्र्यानं तोडल्यासारखा. हात कळला, की टपरी कळणार. टपरी कळली, की कार्ड कुणी नेलं ते कळणार.

पडद्यावर गाण्याच्या रेघा आल्या. सुरुवातीला पाव सेकंद कोरा सोडलेला, फोन पहिला सूर गिळतो म्हणून. खालचा धम्म आवाज तासून काढलेला, म्हणजे छोट्या स्पीकरमध्ये फरफर होऊ नये. शेवट दोन सेकंदांत हळूहळू खाली नेलेला. किती स्वच्छ काम! मला खरंच कौतुक वाटलं. एवढं स्वच्छ कोण कापतं बरं आपल्याकडं, असा विचार केला.

मी कापते.

तरीही पहिल्यांदा मनात काय आलं? एल्किन. कापायला मीच शिकवलंय त्याला. बघा, माझं मन कसं आहे.

मग मी माझी यादी उघडली. तयार घंट्यांची, नंबर टाकलेली. एकेक वाजवत गेले. दोनशे सोळा, कुणाचं तरी रडगाणं. दोनशे सतरा, लंगडी. तारीख जूनची. तबकडी उतरवली तीच दुपार.

तेव्हा सगळं आठवलं. कुठलंही गाणं उतरवलं, की आवाज नीट बसला का बघायला मी त्यातले वीस सेकंद कापते आणि जुन्या फोनवर वाजवून बघते. सवयच आहे. त्या दिवशीही केलं. कॉम्प्युटर जिथं मागची घंटी ठेवली तिथंच पुढची ठेवतो, तशी ती यादीत जाऊन बसली. निकानोरनं पूर्ण गाणं पुसून घेतलं, दोनदा तपासलं. त्या तुकड्याचं ना त्याला सुचलं, ना मला. लोक येतात, कानाला हेडफोन लावतात, 'दोनशे सतरा द्या' म्हणतात. मी बटण दाबते. आत काय आहे ते कोण ऐकतं? दुपारपर्यंत माझे कान बधिर झालेले असतात. यादिसला मी दिली की आणखी कुणाला, देव जाणे. हजार पेसोला एक, अशी चार महिने मी माझ्या नवऱ्याची लंगडी वाटत होते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि वळसा घालता घालता भावाच्या घरात जाऊन त्याचा फोन चाळून आले.

खोटं का सांगू, पुसायच्या बटणावर माझं बोट गेलं. दोनशे सतरा पुसली की कुणाला काही कळणार नव्हतं. अळीमिळी गुपचिळी. निकानोरला सांगावं का, तेही डोक्यात आलं. पण तो काय करणार ते मला पाठ होतं. दार लावणार, 'कुणापाशी बोलू नकोस' म्हणणार, आणि गल्लीत एल्किनचं नाव पसरलेलं तसंच राहणार. बायकोपेक्षा मेव्हणा चोर निघालेला कुठल्याही पिकोवाल्याला बरा. तुलियो दारूच्या गुत्त्यात सगळं बोलून मोकळा झालेला. म्हणजे नाव पुसायचं तर ते पिकोवरूनच पुसायला हवं होतं.

तुलियोचा आवाज माझ्याकडं होता. निकानोरनं माझ्या वाढदिवसाला त्याच्याकडूनच भरून घेतलेल्या शुभेच्छाही कॉम्प्युटरमध्ये होत्या. मी कापायला बसले. मागचं कुत्रं काढलं, तुलियोची धाप काढली, एल्किनचं नाव दोन्हीकडं काढलं. जोड कुठंही कळत नव्हता. आयुष्यात इतकं चांगलं काम मी केलेलं नाही.

निकानोर कार्ड न्यायला आला. "झालं?"

"झालं. ऐकून बघतोस?"

"तुझ्या कामावर माझा भरवसा आहे." पाववाल्यावर संशय घेणारा माणूस! मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी त्याच्यावरच खेकसले, की ऊन आहे, टोपी घाल.

चार वाजता गल्ली भरली. बटणांपाशी निकानोर स्वतः बसला होता. एल्किन आला होता, समोरच्या भिंतीला टेकून, हातात काही नाही, मान ताठ. लोक त्याच्यापासून हातभर लांब उभे होते. बायका एकमेकींच्या कानाला लागत होत्या.

लंगडी सुरू झाली. पहिली वळणं गेली, आणि निकानोरनं बटण दाबलं.

'लंगडी कुणी विकली?' तुलियो गरजला. सगळ्यांच्या माना एल्किनकडं वळल्या. 'खाल्ल्या घरचे वासे मोजणारा कोण? एदेल्सा पोलो! साळिंदराची लाडकी मालकीण!'

आधी कुणाला कळेना. मग हशा पिकला, कुणी शिट्टी मारली. निकानोरनं सुई उचलली. लंगडी मध्येच थांबली, असं आजवर कधी झालं नव्हतं. मी त्याच्यासमोरचा माइक ओढून घेतला.

"हसू नका," मी म्हटलं. "खरं आहे. माझ्या टपरीवर दोनशे सतरा नंबरची घंटी आहे. ती लंगडी आहे. मी कापली, मी विकली, आणि मला आज सकाळपर्यंत पत्ता नव्हता. माझ्या भावानं काही केलं नाही. ज्यानं ज्यानं घेतलीय, त्यानं वाजवा."

मला वाटलं, मार्योरिस एकटी वाजवेल. तिनं वाजवली. मग भाजीवाल्या बाईनं. मग मागून एक, कोपऱ्यातून दोन, छपरावरच्या पोरांमधून आणखी. आठ-दहा लंगड्या वेगवेगळ्या वेळी चालायला लागल्या. निकानोर त्या आवाजांकडं एकेक करून बघत होता. मोटरसायकल दिली तेव्हाही त्याचा चेहरा असा झाला नव्हता.

"मला आधी सांगायचंस," तो हळूच म्हणाला.

"सांगितलं असतं तर तू ही ललकारी लावली असतीस?"

त्यानं दुसरी तबकडी लावली, कारण गल्ली थांबली होती.

मी एल्किनकडं गेले. लोक आता त्याच्या खांद्यावर थापा मारत होते. कुणीतरी बिअर दिली होती, ती त्यानं उघडली नव्हती. मी म्हटलं, "चल, तुझी जागा रिकामी आहे. तो नाही काही बोलायचा. मी बघते ना कसा बोलतो ते."

"नको, ताई."

"अरे, सगळ्यांसमोर सांगितलं मी! आता काय राहिलं?"

"दाजींनी मला चोर म्हटलं, ते मी पोटात घातलं," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "त्यांचा स्वभावच तो. पण तू मला मासे तळायला लावलेस आणि माझ्या पाठीमागं माझा फोन चाळलास. ते कुठं घालू?"

मी तोंड उघडलं, आणि बाहेर काय आलं, तर, "जेवलास का?"

त्यानं बिअर भिंतीवर ठेवली. "रोसेंदोला उद्या होकार कळवतो," म्हणाला, आणि गर्दीतून बसथांब्याकडं निघून गेला.